मोकळा दिवस आणि देशव्रत



नेमगिरीच्या सेवेहून परत आल्यापासून एकच प्रश्न मला चौघींनी चार तऱ्हांनी विचारला. "सेवेला गेला होतात ना? मग परभणीच्या बाजारात कशा काय दिसलात?" एकीने तर मंदिरात, प्रक्षाळ चालू असतानाच हळूच कानात विचारलं. विचारण्यात थोडी टोचणी होती, पण प्रश्न गैर नाही. सेवेसाठी घर सोडलेल्या बाईने मधला एक दिवस शहर बघण्यात घालवावा का, यावर आमच्या आमच्यातही चांगलाच वाद झाला. तो कसा मिटला आणि त्या दिवसाने मला काय दिलं, ते आज जरा सविस्तर सांगते.

ज्यांनी अजून नेमगिरी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. परभणीहून साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर जिंतूर. त्याचं जुनं नाव जैनपूर होतं असं सांगतात. गावापासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरी आणि चंद्रगिरी हे दोन डोंगर शेजारी शेजारी आहेत. नेमगिरीवर गुंफांमधून भगवंतांच्या मूर्ती आहेत, आणि गंमत अशी की मूर्ती भव्य आणि दारं अगदी बुटकी. कितीही मोठा माणूस असो, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत गेलं की नेमिनाथांची मूर्ती, शांतिनाथांची मूर्ती, आणि लहानशा दगडावर तोललेले अंतरिक्ष पार्श्वनाथ. एवढी जड शिळा एवढ्याशा आधारावर कशी, हे बघताना माझ्या गुडघ्यांचं दुखणं मी दर वेळी विसरते.

गेल्या पौषात आम्ही बाराजणी सहा दिवसांच्या सेवेला गेलो होतो. सेलूच्या आम्ही तिघी, बाकीच्या सोलापूर, सांगली, लातूर अशा ठिकठिकाणच्या. सेवा म्हणजे मोठं काही नाही. पहाटे मऊ कुंच्याने पायऱ्या झाडायच्या, जीवजंतू दिसला तर अलगद बाजूला करायचा, गाळलेल्या पाण्याने फरशी पुसायची, मग दुपारपर्यंत भोजनशाळेत यात्रेकरूंचा स्वयंपाक. धान्य निवडणं, डाळी चाळणं, डबे उन्हात घालणं. घरी जे करतो तेच, फक्त माणसं अनोळखी आणि शेवटी कुणी "आज मीठ कमी आहे" म्हणत नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी व्यवस्थापकांनी सांगितलं, "उद्या रंगकामाची परात बांधायची आहे. वर कुणी येऊ नका. भोजनशाळेतही उद्या गावातल्या एका कुटुंबाकडून जेवण आहे. तुम्हाला उद्याचा दिवस मोकळा."

मोकळा! बाराजणींची तोंडं बघण्यासारखी झाली. दोघी म्हणाल्या, झोपू. एक म्हणाली, जप करू. सांगलीच्या ताई माझ्याकडे वळल्या. "परभणी तुमच्या जिल्ह्याचं गाव की ओ. चला की, दाखवा आम्हाला."

तेव्हा सोलापूरच्या काकू बोलल्या. काकू पंच्याहत्तरच्या, प्रतिमाधारी, बोलणं मोजकं. त्या म्हणाल्या, "सेवेला आलोय आपण. काम नसताना उगाच हिंडणं म्हणजे अनर्थदंड."

सगळ्या गप्प झाल्या, कारण काकूंचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. पाठशाळेत आपण सगळ्याच शिकलो आहोत. ज्यात काही प्रयोजन नाही आणि पाप मात्र लागतं, तो अनर्थदंड. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे पाच प्रकार दिले आहेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. या शेवटच्या प्रमादचर्येत विनाकारण माती उकरणं, पाणी सांडणं, विस्तव पेटवणं, झाडपाला तोडणं येतं. आणि त्यातच विनाकारण हिंडणं नि दुसऱ्याला हिंडवणंही येतं. म्हणजे सांगलीच्या ताई हिंडणार आणि मी हिंडवणार, आम्ही दोघी सरळसरळ यादीत!

रात्री सामायिक झाल्यावर मी अंथरुणावर विचार करत पडले. "परभणी दाखवा" असं ताई म्हणाल्या तेव्हा मी मनातल्या मनात गावाचा नकाशा काढायला बघितला होता, आणि जे डोळ्यांपुढे आलं ते असं: जिल्हाधिकारी कचेरी, सातबाऱ्याच्या कामासाठी. जिल्हा परिषद, धाकट्या दिरांच्या बदलीसाठी. लग्नाच्या बस्त्याचं दुकान, पाच वेळा. दातांचे डॉक्टर. स्टेशन. आणि एक दवाखाना, जिथे 2009 साली सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आल्यावर मी एकोणीस दिवस बाकावर काढले. चाळीस वर्षांत निदान शंभर वेळा परभणीला गेले असेन. प्रत्येक वेळी हातात पिशवी, पिशवीत यादी, आणि परतीच्या गाडीची वेळ डोक्यात. पूर्वी मीटरगेजची छोटी गाडी होती तेव्हाही तसंच आणि रुळ मोठे झाल्यावरही तसंच. यादीबाहेरचं एक झाडही मला त्या गावातलं सांगता येत नव्हतं.

आता सांगा, हे सगळं येणंजाणं सप्रयोजन होतं. एकही फेरी अनर्थ नव्हती. पण प्रत्येक प्रयोजन दुसऱ्या कुणाचं तरी होतं. मला त्याचं दुःख नाही, आपल्या माणसांचंच काम ते. पण "माझं" म्हणून एखादं प्रयोजन असू शकतं का, हा प्रश्न त्या रात्री प्रथमच पडला, आणि झोप उडाली.

पहाटे काकू जाग्या दिसल्या. मी त्यांनाच विचारलं, "काकू, गाव बघणं हे प्रयोजन होऊ शकतं का?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, "सीमा घालून घ्याल का?"

"म्हणजे?"

"देशव्रत घ्या आजच्यापुरतं. मी रोज घेते. कुठून कुठपर्यंत जायचं, किती वाजेपर्यंत, आणि कशासाठी, ते बोलून घ्यायचं. मग चला. मी पण येते."

दिग्व्रत आपण जन्मभरासाठी घेतो, दाही दिशांची मर्यादा. त्या मोठ्या मर्यादेच्या आत दिवसापुरती, घटकेपुरती लहान मर्यादा करून घेणं ते देशव्रत. तत्त्वार्थसूत्रात ते गुणव्रतांमध्ये आहे, रत्नकरंडात देशावकाशिक या नावाने शिक्षाव्रतांमध्ये. सीमा कशाच्या धरायच्या तेही सांगितलं आहे: घर, गाव, शेत, नदी, अरण्य. किती साधं! आपल्या ओळखीच्याच खुणा. आपण मात्र हे व्रत पर्युषणात एखाद्या दिवशी घरात बसून राहण्यापुरतं ठेवलं आहे.

या व्रताचे पाच अतिचार काकूंनी बोटांवर मोजून दाखवले, आणि खरी मजा इथे आली. सीमेबाहेरची वस्तू मागवायची नाही, ते आनयन. सीमेबाहेर माणूस पाठवून काम करवून घ्यायचं नाही, ते प्रेष्यप्रयोग. सीमेबाहेरच्याला आवाज द्यायचा नाही, ते शब्दानुपात. आपलं रूप दाखवून खुणावायचं नाही, ते रूपानुपात. आणि खडा वगैरे फेकून लक्ष वेधायचं नाही, ते पुद्गलक्षेप.

लातूरची वहिनी म्हणाली, "म्हणजे फोन शब्दानुपात!"

"आणि व्हिडिओ कॉल रूपानुपात," सांगलीच्या ताई.

"मग मेसेज?"

काकू हसल्या. "मेसेज म्हणजे खडाच की. टाकायचा आणि कोण वळून बघतंय ते बघत बसायचं."

सूत्र रचणाऱ्या उमास्वामींच्या डोळ्यांपुढे मोबाईल नव्हता, पण माणसाचं मन होतं. शरीर एका जागी बसवलं तरी मन हाका मारत गावभर फिरतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सहाजणी तयार झालो. सीमा अशी ठरली: अलीकडे बसस्थानक, पलीकडे कृषी विद्यापीठाची हद्द, मधलं गाव. वेळ परभणीत उतरल्यापासून दुपारी तीनपर्यंत. कारण त्यानंतरची गाडी धरली तरच सूर्यास्ताच्या दोन घटिका आधी जेवण उरकणार. प्रत्येकीने आपलं प्रयोजन बोलायचं. काकू म्हणाल्या, "जिनदर्शन." सांगलीच्या ताई म्हणाल्या, "आमच्या परसात परभणी क्रांती भेंडी लावतो आम्ही. तिचं माहेर बघायचंय." माझी पाळी आली. मी म्हटलं, "मला गाव बघायचंय. यादी नसताना."

काकूंनी मान डोलावली.

जिंतूरहून एसटी पकडली. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडीत बायकाच जास्त. बोरी गेलं, झरी गेलं. दोन्ही बाजूंना ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, कापसाच्या शेवटच्या वेचण्या चाललेल्या. एरवी या रस्त्याने मी डोळे मिटून हिशोब करत जाते.

परभणीत उतरलो आणि व्रत सुरू होण्याच्या आतच फोन वाजला. घरून. ह्यांचा. "परभणीत आहेसच ना? मग छापखान्यातून दुकानाच्या पावतीपुस्तकांचे दोन गठ्ठे घेऊन ये. आणि जमलं तर वकिलांकडे डोकावून ती तारीख विचार."

दोन्ही कामं खरी. दोन्ही मला सहज जमण्यासारखी. पण छापखाना एका टोकाला, वकील दुसऱ्या टोकाला, आणि गठ्ठ्यांचं ओझं घेऊन मग दिवस उरतो कुठे? माझ्या तोंडातून "बरं" बाहेर पडायच्या बेतात होतं. चाळीस वर्षांची सवय ती. काकू शेजारी उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत, दुसरीकडे बघत राहिल्या.

मी म्हटलं, "आज माझं व्रत आहे. कामं करायची नाहीत आणि फोनही तीनपर्यंत बंद राहील. गठ्ठे उद्या ट्रान्सपोर्टने मागवून घ्या."

पलीकडे जरा शांतता. मग ते म्हणाले, "बरं." एवढंच. मी फोन बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवला. हात थोडा थरथरत होता, खोटं कशाला सांगू?

आधी दिगंबर जैन मंदिरात दर्शन. तिथून पायीच निघालो. "जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण मी सांगलीच्या ताईंना ऐकवली. तिचा अर्थ प्रत्येक परभणीकर आपापल्या सोयीने लावतो. ताई म्हणाल्या, "बघू तर खरं, जर्मनी कुठंय ते." गुजरी बाजारात शिरलो. मेथी, चुका, हरभऱ्याची भाजी, पेरूचे ढीग. काही घ्यायचं नसलं की भाजीवाल्या बायकांचे चेहरे दिसतात, हे मला त्या दिवशी कळलं. एरवी मी फक्त तागडी बघते. एका आजीने विचारलं, "काय देऊ?" मी म्हटलं, "काही नको, बघतेय." ती म्हणाली, "बघा की. बघायला काय पैसे पडतात?" शेवटी आम्ही तिच्याकडून सहा पेरू घेतले.

पुढे रस्त्यात बी. रघुनाथ सभागृहाची चर्चा निघाली. आमच्या मराठवाड्याचे हे कवी-कादंबरीकार 1913 सालचे. निजामाच्या राज्यात परभणीला बांधकाम खात्यात नोकरी करत लिहीत राहिले, आणि 1953 साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, कचेरीतच गेले. दिवसभर दुसऱ्याच्या फायली आणि उरलेल्या वेळात आपलं लिहिणं. मी दुपारी भांडी आवरून तासभर हे लिहायला बसते तेव्हा कधी कधी त्यांची आठवण येते. त्यांच्या लिहिण्याशी माझी बरोबरी नाही. वेळ चोरण्याशी मात्र आहे.

मग तो रस्ता आला. दवाखान्याचा. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण पाय जरा मंदावले. समोरची दुधाची टपरी अजून आहे. सासूबाईंसाठी दूध आणायला मी रोज चाळीस पावलं जायची आणि चाळीस पावलं यायची. एकोणीस दिवसांत त्या चाळीस पावलांच्या पलीकडे गेले नाही. त्यांनी डोळे उघडले आणि मी दिसले नाही तर घाबरतील, ही भीती. त्या बऱ्या होऊन घरी आल्या, पुढे दोन वर्षं राहिल्या, शेवटी शेवटी मला "आई" म्हणायच्या. त्या दिवसांचा मला जराही पश्चात्ताप नाही.

आज आम्ही त्याच रस्त्याने पुढे चालत गेलो. दहा मिनिटांवर राजगोपालाचारी उद्यान. झाडं, बाकं, खेळणारी मुलं, ऊन खात बसलेले म्हातारे. मी एका बाकावर बसले आणि मला रडू आलं. काकूंनी पाठीवर हात ठेवला, विचारलं काही नाही. मला वाटलं, एकोणीस दिवसांतला अर्धा तास जरी कुणी म्हटलं असतं, "तू जा, मी बसते", तर मी इथे येऊन बसले असते आणि पुन्हा ताजी होऊन सासूबाईंजवळ गेले असते. तेव्हा तसं म्हणणारं कुणी नव्हतं. आज तुमच्या ओळखीत कुणी दवाखान्याच्या बाकावर बसली असेल तर तिला एवढं नक्की म्हणा. डबा सगळेच नेतात.

तिथेच डबे उघडले. भाकरी, बिनकांद्याचं पिठलं, शेंगदाण्याची चटणी, दशम्या. पाणी गाळून आणलेलं, तेही आपापल्या तांब्यातलं. आणि आजीचे पेरू.

तिथून रिक्षाने कृषी विद्यापीठ. हे विद्यापीठ 18 मे 1972 रोजी स्थापन झालं. तेव्हा मराठवाडा कृषी विद्यापीठ, आणि 2013 पासून वसंतराव नाईकांचं नाव. मी तेव्हा शाळेत होते. आवार एवढं मोठं की आम्ही सहा म्हाताऱ्या त्यात मुंग्यांसारख्या. दुतर्फा झाडं, पुढे प्रयोगाची शेतं.

सांगलीच्या ताईंच्या भेंडीची कथा तुम्हालाही आवडेल. भेंडीवर हळद्या नावाचा रोग येतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, फळ पांढरट, राठ होतं. इथल्या शास्त्रज्ञांनी भेंडीचा जंगली भेंडीशी संकर करून त्या रोगाला दाद न देणारा वाण काढला, तो परभणी क्रांती. साल 1985 च्या सुमाराचं. पुढे देशभर लोकांनी तो लावला. ज्वारीतही परभणी मोती आहे, आणि 2018 साली आलेली परभणी शक्ती आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या साथीने तयार केलेल्या या ज्वारीत लोह आणि जस्त जास्त असतं. आपल्या बायकांच्या अंगात रक्त कमी, हे डॉक्टर प्रत्येक तपासणीत सांगतात. कंदमुळं आपण खात नाही, हिरवी भाजी अष्टमी-चतुर्दशीला सोडतो, मग उरलेल्या ताटात भाकरीचा वाटा मोठा. ती भाकरी कुठल्या ज्वारीची, हे विचारून घ्यायला हरकत नाही.

भेंडीचं माहेर बघून ताई तृप्त झाल्या. मला मात्र पुढची पाटी दिसली आणि मी थांबले. सामुदायिक विज्ञान महाविद्यालय. पूर्वीचं नाव गृहविज्ञान.

दारात एक विद्यार्थिनी भेटली. नातीच्या वयाची. मी विचारलं, "बाळा, तू काय शिकतेस?" ती म्हणाली, "आजी, साधनसंपत्ती व्यवस्थापन. म्हणजे घरातला वेळ, पैसा, श्रम कसे वापरायचे ते. ओट्याची उंची किती असली की कंबर दुखत नाही, वाकून निंदणी केली तर किती शीण होतो, हे मोजतो आम्ही."

"मोजता?"

"हो. हृदयाचे ठोके मोजतो, वेळ मोजतो. शेतात काम करणाऱ्या बायकांचा शीण कमी करणारी अवजारंही इथे करतात."

मैत्रिणींनो, मी 1980 सालची बी.कॉम. बँकेच्या परीक्षेचं बोलावणं आलं त्याच महिन्यात लग्न ठरलं. पुढे पदवीचा उपयोग एकच केला: पहिल्या दिवसापासून घरखर्चाची वही ठेवली, जमा डावीकडे, खर्च उजवीकडे. चाळीसहून जास्त वह्या झाल्या. "गृहिणी" म्हटलं की फॉर्म भरणारा कारकून पुढच्या रकान्यात आडवी रेघ मारतो, आणि इथे दोन किलोमीटरच्या अंतरावर, माझ्याच जिल्ह्यात, माझ्या रोजच्या कामाचे ठोके मोजून मुली पदव्या घेतात. मी शंभर वेळा परभणीला आले आणि हे मला माहीत नव्हतं, कारण ते कुणाच्या यादीत नव्हतं.

त्या मुलीने विचारलं, "आजी, तुमच्या ओट्याची उंची किती आहे?" मला सांगता आली नाही. माझ्या सासऱ्यांनी गवंड्याला सांगितली तेवढी.

अडीच वाजता परत निघालो. वाटेत तुराबुल हक दर्ग्याकडे जाणारा रस्ता लागला. दोन फेब्रुवारीला इथला उरूस सुरू होतो आणि गावाची सगळ्या जातीधर्मांची माणसं जत्रेला लोटतात. पाऊसपाण्याएवढीच ती इथली ठरलेली गोष्ट. तीनला पाच कमी असताना बसस्थानकावर होतो. काकूंनी नऊ वेळा णमोकार म्हणून व्रत पूर्ण केलं. मग मी फोन चालू केला. एकही मिस्ड कॉल नव्हता. खरं सांगते, थोडं वाईटही वाटलं!

गाडीत काकूंना मी विचारलं, "आजचं हिंडणं अनर्थदंड झालं का हो?"

त्या म्हणाल्या, "बघून चाललात?"

"चालले."

"कुणाला दुखवलंत? काही नासलंत? मोहाने काही उचलून आणलंत?"

"पेरू."

"ते सहाजणींनी खाल्ले." आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. प्रमादचर्या या शब्दात दोष प्रमादाला आहे, बेसावधपणाला. यादी घेऊन धावणारी मी पायाखाली कधी बघत होते? घाईत किती मुंग्या तुडवल्या असतील, किती माणसांशी तोडून बोलले असेन. त्या दिवशी वेळ होता म्हणून पाऊल बघून टाकलं, माणूस बघून बोलले. शिवाय मर्यादा. बाईच्या आयुष्यात मर्यादा कमी नसतात, उंबरठ्यापासून ओट्याच्या उंचीपर्यंत कुणी ना कुणी आखलेल्याच असतात. पण ही रेघ मी स्वतः, विचार करून, तोंडाने बोलून आखली होती. तिच्या आत मला जितकं मोकळं वाटलं तितकं बिनमर्यादेच्या कुठल्या सहलीत वाटलं नव्हतं. व्रत हे बंधन असतं असं बाहेरच्यांना वाटतं. आचार्यांनी ते श्रावक-श्राविकांना का दिलं असेल, हे थोडंसं माझ्या ध्यानात आलं.

सेवेचा उरलेला दिवस आम्ही दुप्पट कामाचा केला, हेही नमूद करते. रंगाचे शिंतोडे खरवडून काढताना कुणाचीच कुरकुर नव्हती.

घरी आले तेव्हा पावतीपुस्तकांचे गठ्ठे ओसरीवर येऊन पडलेले होते. ट्रान्सपोर्टने. ह्यांनी विचारलं, "काय बघितलंस परभणीत?" पूर्वी ते विचारायचे, "काम झालं का?" मी सगळं सांगितलं. बाग, भेंडी, ती मुलगी. ते परभणीला माझ्यापेक्षा जास्त वेळा गेले आहेत, पण बाग त्यांनाही माहीत नव्हती. म्हणाले, "एकदा जाऊ."

सूनबाई ऐकत होती. ती शाळेत शिक्षिका, घर आणि शाळा यांत तिची रोज धावपळ. तिने विचारलं, "आई, हे देशव्रत मला जमेल का? अर्ध्या दिवसाचं?"

ज्यांना घ्यायचं असेल त्यांच्यासाठी तिला सांगितलं तेच लिहिते. सकाळी दर्शनानंतर णमोकार म्हणून संकल्प करा. सीमा खुणेची सांगा, अंदाजाने नको. वेळ सांगा. प्रयोजन एकच सांगा आणि ते आपलं असू द्या: स्वाध्याय, मैत्रिणीची भेट, गावातलं जुनं मंदिर, काहीही, पण खरेदी नको. घरच्यांना आधी कळवा. आजारी माणूस किंवा तान्हं मूल असेल तर मागे कुणी थांबणारं बघून मगच निघा. फोन बंद. वेळ संपली की नऊ वेळा णमोकार.

त्या दिवशीचा हिशोब वहीत लिहिला. एसटी जाऊन-येऊन, रिक्षातला वाटा, मंदिरात दान, पेरूचा सहावा हिस्सा. खर्चाच्या बाजूला मी नेहमी लिहिते कुणासाठी: घर, दुकान, मुलं, पाहुणे, दवाखाना. त्या ओळींपुढे काय लिहावं म्हणून थोडा वेळ पेन तसंच धरून बसले. मग "स्वतः" असा नवा रकाना पाडला.

उद्या चतुर्दशी. सूनबाईने शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आहे. नातवंडांना मी सांभाळणार आहे, आणि तिने कुठे जायचं ठरवलंय ते मी विचारलेलं नाही.